इमारतीचा सातबारा

द्वितीय वर्ष, कला

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. घर बांधताना माणसाची किती ओढाताण होते, हे सांगण्यासाठी ती जन्माला आली. पण बांधलेले घर पुढे सांभाळताना काय होते, याविषयी ही म्हण काहीच बोलत नाही. वास्तविक एखादी सार्वजनिक इमारत बांधायला दोन-चार वर्षे लागतात आणि तिच्यात माणसे पन्नास-साठ वर्षे वावरतात. बांधकाम चालू असते तेव्हा तिच्याभोवती वास्तुविशारद, अभियंते, कंत्राटदार यांचा राबता असतो. कोनशिला बसते, उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. पुढच्या पन्नास वर्षांत तिच्याजवळ उरतात ते शिपाई, वायरमन, प्लंबर, झाडणाऱ्या बाया आणि पहारेकरी. इमारतीविषयीची माहिती मात्र पहिल्या मंडळींबरोबर निघून जाते. ती मागे कशी ठेवावी, या प्रश्नाला संगणकाच्या युगाने कोणते उत्तर दिले आहे आणि ते कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चित्र नव्हे, नोंद

हे उत्तर म्हणजे इमारतीचे संगणकीय मॉडेल. इंग्रजीत त्याला 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' म्हणतात. आद्याक्षरांवरून 'बिम' हा शब्द रूढ झाला आहे. नाव ऐकून असे वाटते की, संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहता येईल असे इमारतीचे सुबक चित्र म्हणजे मॉडेल. ही समजूत अपुरी आहे. कागदावरच्या नकाशात दोन समांतर रेषा काढल्या की ती भिंत झाली, असे आपण मानतो. पण त्या रेषांना आपण भिंत आहोत हे ठाऊक नसते. मॉडेलमधील भिंतीला ते ठाऊक असते. तिची जाडी, ती विटेची की काँक्रीटची, तिच्यात कोणता दरवाजा बसवला आहे, ती कोणत्या दोन खोल्यांच्या मध्ये उभी आहे, ही सारी माहिती तिच्या नावावर जमा असते. पंख्याच्या नावावर त्याची कंपनी, बसवल्याची तारीख, हमीची मुदत आणि तो ज्या डीबीवरून चालतो तिचा क्रमांक असू शकतो.

या कल्पनेचे वय पुष्कळ आहे. पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठातील चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली, इमारतीच्या रचनेत नकाशांऐवजी संगणक कसा वापरता येईल, यावर लेख लिहिला. त्यांचे निरीक्षण साधे होते. इमारतीचा एकच भाग आराखड्यात, छेदात आणि दर्शनी चित्रात पुन्हा पुन्हा काढावा लागतो. एके ठिकाणी बदल केला की तो सर्वत्र करावा लागतो, आणि एक जरी कागद राहिला तरी नकाशे आपसांत भांडू लागतात. म्हणून वस्तूची नोंद एकदाच ठेवावी आणि हवे ते चित्र त्या नोंदीतून काढावे, असा त्यांचा विचार होता.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही सातबारा माहीत असतो. सातबारा म्हणजे शेताचे चित्र नव्हे. गट क्रमांक कोणता, क्षेत्र किती, मालक कोण, बोजा कोणाचा आणि पीक कोणते, याची ती नोंद आहे. शेत विकले, वाटणी झाली, वारस लागला की फेरफार नोंदवावा लागतो. फेरफार राहिला तर सातबारा खोटे बोलू लागतो आणि त्याच्या खोटे बोलण्यातून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, पण म्हणून फेरफाराची गरज काही संपली नाही. इमारतीचे मॉडेल हा तिचा सातबाराच होय, आणि त्याचा सारा जीव फेरफारात आहे, हेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

माहिती हरवण्याची किंमत

माहिती हरवल्याने एवढे काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली या प्रश्नाचा हिशेब मांडला. व्यापारी, संस्थात्मक आणि औद्योगिक इमारतींच्या क्षेत्रात एकाची संगणकीय माहिती दुसऱ्याला न जुळल्यामुळे २००२ या एका वर्षात सुमारे १५.८ अब्ज डॉलरचे नुकसान झाले, असा तो अंदाज होता. त्यांपैकी सुमारे १०.६ अब्ज, म्हणजे दोन-तृतीयांश भार, इमारतींचे मालक आणि त्या चालवणारे यांच्यावर पडला होता. वास्तुविशारद आणि कंत्राटदार यांच्या वाट्याला त्या मानाने थोडे आले. बांधणारा निघून जातो आणि सांभाळणारा भरतो, हा नियम आकड्यांतही उमटला आहे.

हे नुकसान होते कसे, ते एका साध्या प्रसंगावरून ध्यानात येईल. तिसऱ्या मजल्यावरील खोलीत छत गळू लागले आहे. वर कोणता नळ आहे? तो कोणत्या व्हॉल्व्हने बंद होईल? तो व्हॉल्व्ह कोठे आहे? तो बंद केला तर आणखी कोणत्या खोल्यांचे पाणी जाईल? नळ बदलायचा तर तो किती इंची आणि कशाचा आहे? माहिती हाताशी असेल तर हे काम तासाभराचे आहे. नसेल तर आधी शोधाशोध, मग फोडाफोड आणि शेवटी दुरुस्ती, असा क्रम लागतो. मॉडेलमध्ये प्रत्येक नगाला स्वतःचा क्रमांक असतो, तोच क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावर चिकटवलेला असतो, आणि तो दाबताच वरील पाचही प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. केव्हा काय तपासावयाचे याचे वेळापत्रकही त्याच क्रमांकाशी जोडता येते.

सिडनीचे उदाहरण

जुन्या इमारतीला अशी नोंदवही लावण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाऊस. डेन्मार्कचे वास्तुविशारद यॉर्न उट्झॉन यांच्या आराखड्याची निवड १९५७ साली झाली, १९५९ मध्ये काम सुरू झाले आणि २० ऑक्टोबर १९७३ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सत्तर लाख डॉलरचा अंदाज दहा कोटी वीस लाखांवर गेला. शासनाशी मतभेद होऊन उट्झॉन १९६६ मध्येच काम सोडून गेले होते. म्हणजे ज्याच्या डोक्यात ही इमारत जन्मली, तो माणूस ती पूर्ण होण्यापूर्वीच तिच्यापासून दूर झाला. शिडांसारख्या दिसणाऱ्या तिच्या कवचांची गणिते करण्यासाठी अभियंत्यांनी त्या काळी संगणक वापरला होता. नकाशे मात्र कागदावरच राहिले.

अशी वास्तू चालवणे सोपे नाही. छतावर १० लाख ५६ हजार ६ फरशा आहेत. वातानुकूलनासाठी बंदरातील समुद्राचे पाणी खेळवले जाते आणि त्या व्यवस्थेतील नळांची लांबी सुमारे ३५ किलोमीटर आहे. फरशा तपासण्यासाठी तंत्रज्ञ दोरांच्या आधाराने कवचांवर उतरतात आणि हातोडीने फरशी ठोकून आवाज ऐकतात. कुंभाराकडून मडके घेताना आपली आजी टिचकी मारून पाहते, तीच ही रीत. पण मडके एक असते आणि फरशा दहा लाखांवर आहेत. कोणती फरशी मागच्या वेळी कशी वाजली, हे त्या फरशीच्या नावावर लिहून ठेवले नाही, तर पुढच्या तपासणीत तुलना कशाशी करणार?

ऑस्ट्रेलियातील एका सहकारी संशोधन केंद्राने या इमारतीच्या व्यवस्थापनासाठी बिम कसे उपयोगी पडेल याचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्रांची यादी एका प्रणालीत, दुरुस्तीची कामे दुसरीत, कागदपत्रे तिसरीत आणि नकाशे आणखी कोठे, अशी तेथील स्थिती होती. माहितीचा तुटवडा नव्हता, पण तिच्यात मेळ नव्हता. या साऱ्या वह्या फेकून एक नवी वही करा, असे अभ्यासकांनी सांगितले नाही. प्रत्येक वही आपल्या जागी ठेवून त्या सर्वांना मॉडेलमधील जागेशी आणि वस्तूशी बांधावे, हा त्यांचा मार्ग होता. पुढील दशकात ऑपेरा हाऊसने या दिशेने पावले टाकली. त्याच सुमारास, २०२० ते २०२२ या काळात, तेथील मुख्य संगीत सभागृह बंद ठेवून त्याचे मोठे नूतनीकरण झाले. उद्घाटनानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीही इमारतीत फेरफार चालूच राहतात, हा त्यातील बोध आहे.

जुन्या भिंतीला वाचा कशी फुटते?

नव्या इमारतीचे मॉडेल बांधकामापूर्वीच तयार होते. जुन्या इमारतीचे कसे करावयाचे? त्यासाठी लेसर स्कॅनर नावाचे यंत्र वापरतात. ते खोलीच्या मध्ये तिकाटण्यावर उभे करतात. त्यातून निघणारा प्रकाशकिरण भिंतीवर आदळून परत येतो आणि त्यावरून अंतर मोजले जाते. अशी लक्षावधी अंतरे मोजून बिंदूंचा एक मेघ तयार होतो. तो समोर ठेवून माणूस ठरवतो की, हे बिंदू म्हणजे खांब, ते बिंदू म्हणजे खिडकी.

आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट येथे नमूद करतो. पॅरिसच्या नोत्र दाम या मध्ययुगीन चर्चचे असे मापन २०१० साली अँड्र्यू टॅलन यांनी केले. पन्नासहून अधिक जागांवरून त्यांनी एक अब्जाहून अधिक बिंदू टिपले. टॅलन अभियंते नव्हते. ते अमेरिकेतील वासार कॉलेजात कलेचा इतिहास शिकवीत. जुन्या गवंड्यांनी हे बांधले कसे, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामच्या छताला आग लागून वरचा मनोरा कोसळला. जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे जी मापे आली, त्यांत टॅलन यांची मापेही होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले.

परंतु लेसरच्या किरणालाही मर्यादा आहे. तो भिंतीचा पृष्ठभाग पाहतो. भिंतीच्या पोटातील नळ, वायर आणि सळई त्याला दिसत नाही. ती शोधण्यासाठी जुने नकाशे काढावे लागतात, दुसरी यंत्रे लावावी लागतात, आणि जेथे काम केले त्या माणसांना विचारावे लागते. या शेवटच्या मार्गाविषयी तांत्रिक पुस्तकांत फारसे आढळत नाही. मला मात्र तो घरातच भेटला.

माझे वडील प्लंबर आहेत. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका सार्वजनिक इमारतीची जमिनीखालची पाण्याची लाईन फुटली. कार्यालयात नकाशा होता. त्यात लाईन पश्चिमेच्या बाजूने दाखवली होती, म्हणून तेथे दोन दिवस खोदले. काही सापडले नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांना बोलावले, कारण विशीत असताना त्यांनी त्या कामावर मदतनीस म्हणून मजुरी केली होती. त्यांनी पूर्वेकडील लिंबाच्या झाडाजवळची जागा दाखवली आणि अर्ध्या दिवसात गळती सापडली. मी त्यांना विचारले, नकाशा चुकला कसा? ते म्हणाले, "अगं, नकाशा काढताना साहेबांना खडक लागला नव्हता. तो आम्हाला लागला. मग लाईन फिरवली." लाईन फिरवली, पण कागदावर कोणी फिरवली नाही. फेरफाराची नोंद वडिलांच्या डोक्यात राहिली, आणि वडील सहीपुरतेच लिहितात.

या एका वाक्यात मला मॉडेलच्या साऱ्या शास्त्राचे मर्म दिसते. संकल्पित इमारत आणि प्रत्यक्ष इमारत या दोन वेगळ्या असतात. दोहोंमधील अंतर खडकामुळे, पैशामुळे, घाईमुळे पडते आणि ते ठाऊक असते हाताने काम करणाऱ्याला. तो निवृत्त झाला, गाव सोडून गेला किंवा वारला की इमारत आपली स्मृती गमावते.

प्रश्न केवळ पैशाचा नाही

लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली निवासी इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. २०१६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात तिच्यावर बाहेरून नवे आवरण चढवण्यात आले. १४ जून २०१७ च्या रात्री लागलेली आग या ज्वलनशील आवरणातून पसरली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. मॉडेल असते तर ही आग लागली नसती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ज्वलनशील वस्तू निवडणारी माणसे होती आणि दोष माणसांचा होता. पण त्यानंतर झालेल्या चौकश्यांनी माहितीच्या प्रश्नावर बोट ठेवले. ज्युडिथ हॅकिट यांनी मे २०१८ च्या अहवालात 'सोनेरी धागा' ही कल्पना मांडली. इमारतीत काय वापरले, कोणी ठरवले, पुढे काय बदलले, याचा अखंड धागा संकल्पापासून वापरापर्यंत संगणकीय स्वरूपात राहिला पाहिजे, असा तिचा आशय. उंच निवासी इमारतींचे अद्ययावत नकाशे कागदावर आणि संगणकीय रूपात अग्निशमन दलाला द्यावेत, अशी शिफारस चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०१९ च्या अहवालात केली. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने इंग्लंडमधील १८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच अशा निवासी इमारतींसाठी हा धागा बंधनकारक झाला. अशा इमारतींत जुन्याही आल्या.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात उभा आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. तपासणीला आलेला अभियंता प्रथम मूळ नकाशा मागतो. तो नसेल तर खांबात सळया किती, हे यंत्र लावून किंवा काँक्रीट उकरून पाहावे लागते. मागील तपासणीचा अहवाल कपाटात हरवला असेल तर भेग जुनी की नवी, वाढली की स्थिर, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

मॉडेल कोणी लिहावे?

एवढे सांगितल्यावर मॉडेलचे गुणगान करून थांबणे सोपे आहे. पण त्याच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा खर्चाची. प्रत्येक स्क्रू मॉडेलमध्ये घालण्याचा हव्यास धरला तर पैसा संपतो आणि पुढे ते अद्ययावत ठेवणे अशक्य होते. सांभाळण्यासाठी जे तपासावे, दुरुस्त करावे किंवा बदलावे लागते, तेवढेच नोंदवणे शहाणपणाचे. दुसरी मर्यादा भाषेची. एका कंपनीच्या प्रणालीत केलेली नोंद वीस वर्षांनी उघडेल याची खात्री नाही, म्हणून कोणत्याही प्रणालीला वाचता येईल असा 'आयएफसी' हा खुला प्रकार आंतरराष्ट्रीय मानक म्हणून २०१३ मध्ये स्वीकारला गेला. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागातून २००७ च्या सुमारास पुढे आलेला 'कोबी' हा प्रकार तर त्याहून साधा आहे. मजले, खोल्या, यंत्रे, सुटे भाग आणि कामे यांचे ते रकाने असतात आणि साध्या तक्त्यातही ते भरता येतात. सातबाऱ्याशी त्याचे साम्य पाहून मला नवल वाटले.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आणि ती माणसांची आहे. मॉडेल शहरातील कार्यालयात तयार होते, ते इंग्रजीत असते आणि त्याचा परवलीचा शब्द वरिष्ठांकडे असतो. नळ बदलणारा, वायर ओढणारा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग पहिल्या वर्षी खरे असलेले मॉडेल पाचव्या वर्षी खोटे होते. आणि खोटे मॉडेल हे मॉडेल नसण्यापेक्षा घातक, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून माणूस पश्चिमेला खोदत बसतो. म्हणून प्लंबरला आपल्या भाषेत, हातातील मोबाईलवर, छायाचित्र काढून आणि लिहिता येत नसेल तर बोलून, नोंद करता आली पाहिजे. नोंद केल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये, आणि नोंद करण्याचा वेळही मजुरीत धरावा. त्याच्या नोंदीखाली त्याचे नाव राहावे. कोनशिलेवर नाव येण्याचे भाग्य त्याला लाभत नाही. निदान सातबाऱ्यावर तरी ते यावे.

आपल्या महाविद्यालयाकडे लेसर स्कॅनर नाही आणि तो नजीकच्या काळात येईल अशी चिन्हेही नाहीत. पण सुरुवात यंत्रापासून होते असे थोडेच आहे! भूगोल विभागाकडे मोजमापाच्या फिती आहेत, संगणक कक्षात तक्ते भरण्याची सोय आहे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत. येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक खोलीला एक कायम क्रमांक द्यावा. त्या खोलीतील दिवे, पंखे, नळ, अग्निशामक नळकांडे आणि त्याच्या मुदतीची तारीख एका तक्त्यात लिहावी. गच्चीवरील टाकीपासून निघणारा प्रत्येक व्हॉल्व्ह शोधून तो बंद केला असता कोठले पाणी जाते, ते पाहून ठेवावे. आणि हे काम सुरू करण्याआधी एक दुपार आपले जुने शिपाई, आपले वायरमन आणि आपले प्लंबर यांच्याजवळ बसून, हातात वही-पेन्सिल घेऊन, ते सांगतील ते लिहून घ्यावे. पुढे कधी मॉडेल झालेच, तर त्याचे पहिले पान म्हणून ही वही उपयोगी पडेल. न झाले, तरी गळणारे छत दुरुस्त करायला ती पुरेशी आहे.